गिरणीवाल्यांची अनंत चौदस

परदेशीपुऱ्यात वाढलेल्या आमच्या पिढीने कला पहिल्यांदा पाहिली ती रस्त्यावर, भर रात्री, वडिलांच्या नाहीतर काकांच्या खांद्यावर बसून. कलादालन, चित्रप्रदर्शन हे शब्द पुढे शाळेत भेटले. त्याआधी आम्हांला ठाऊक होती ती झांकी. हुकूमचंद मिलची, मालवा मिलची, कल्याण मिलची, स्वदेशीची, राजकुमारची, भंडारी मिलची. प्रत्येक घराची आपापली गिरणी होती आणि आपल्या घरच्या गिरणीची झांकी सगळ्यांत सरस, यात घरात दुमत नसे. भांडण व्हायचे ते शेजारच्यांशी, कारण त्यांची गिरणी वेगळी.

इंदूरबाहेरच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. महाराष्ट्रात विसर्जनाची मिरवणूक म्हटली की मूर्ती, ढोलताशे आणि गुलाल डोळ्यांपुढे येतो. इंदुरात अनंत चौदसच्या रात्री झांक्या निघतात. चाकांवर उभारलेले, हलणारे, दिव्यांनी लखलखणारे भलेमोठे देखावे एकामागून एक शहरातून जातात आणि त्यांच्याबरोबर अखाडे चालतात, लाठी, बनेटी, तलवार फिरवत. याची सुरुवात 1920 च्या दशकात शेठ हुकूमचंदांच्या गिरणीतून झाली. पहिल्या झांक्या बैलगाड्यांवर निघाल्या असे आमचे आजोबा सांगत. त्या रिवाजाला आता शंभर वर्षे होऊन गेली. 2020 आणि 2021 ही करोनाची दोन वर्षे सोडली तर आमच्या आठवणीत तरी अनंत चौदसची रात्र झांकीवाचून कोरडी गेलेली नाही.

आणि हे सगळे घडायचे आमच्या अंगणात. परदेशीपुरा, पाटणीपुरा, नंदानगर, मालवा मिल, शीलनाथ कॅम्प, कुलकर्णी का भट्टा, गोमा की फेल हा सगळा टापू गिरण्यांच्या कुशीत वसलेला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1860 च्या दशकात सरकारी गिरणीचा घाट घातला, मग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शेठ-सावकारांच्या गिरण्या एकापाठोपाठ उभ्या राहिल्या. माळव्याची काळी माती कापूस देत होती, अफूच्या आणि सट्ट्याच्या व्यापारातून भांडवल जमले होते आणि हात लागत होते ते चहूकडून येत होते. उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून, निमाडातून, खानदेशातून, वऱ्हाडातून. आमच्या ओळीत एका बाजूला अवधी बोलणारे घर, दुसऱ्या बाजूला जळगावकडचे, समोर मारवाडी. आम्ही घरात मराठी बोलायचो, ओट्यावर हिंदी आणि भांडताना माळवी. गुलझारीलाल नंदांच्या नावाने नंदानगर वसले तेव्हा आमच्यापैकी काही कुटुंबे तिकडे गेली. पण वाट तीच, भोंगाही तोच.

त्या भोंग्यावर घर चालायचे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आईची कणीक मळून झालेली असायची. घड्याळ सगळ्यांकडे नव्हते, त्याची गरजही नव्हती. वडील पाळीवरून परतायचे तेव्हा केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले असत आणि आजी त्यांना उंबऱ्याबाहेरच उपरण्याने झटकून घ्यायची. साचेखात्यातली माणसे घरातही मोठ्याने बोलत, कारण दिवसभर साच्यांच्या खडखडाटात कान बधिर झालेले असत. बाहेरच्याला वाटावे भांडण चालले आहे. कपडे सगळ्या ओळीचे जवळजवळ सारखेच, कारण गिरणीच्या दुकानातून तुकड्याचे कापड स्वस्तात मिळे. एकाच ताग्यातून आमचे सदरे, खिडकीचा पडदा आणि, भाद्रपद आला की, झांकीतल्या दशरथाचे उपरणेही निघायचे. ते पाहून आम्हांला देव घरातले वाटू लागले असतील तर त्यात नवल नाही.

भाद्रपदाच्या आधीच, श्रावणाच्या सरींत, गिरणीच्या आवारातल्या एका शेडला ताडपत्र्यांचे पडदे लागत. आत काय चालले आहे ते कोणी सांगायचे नाही. यंदाचा विषय फुटला तर दुसऱ्या गिरणीवाले काढतील ही धास्ती. आम्ही पोरे डबा पोचवण्याच्या निमित्ताने आत घुसत असू. आतला वास अजून नाकात आहे: भिजलेला कागद, खळ, तेलरंग, ओला बांबू आणि वंगण. मूर्तीचा सांगाडा बांबूचा नाहीतर लोखंडी सळ्यांचा, त्यावर पेंढा, त्यावर खळीत भिजवलेले कागदाचे थर, चेहरा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साच्यातून काढलेला. खळ कुठली? सुताला ताठपणा यावा म्हणून गिरणीत लावतात तीच. चाके बॉबिनची, पट्टे जुन्या यंत्रांचे, रंगवणारे हात कधी गावातल्या पेंटरचे, कधी रंगखात्यातल्याच कुणाचे.

आम्हांला लहानपणी एक कोडे होते. इंदूरची झांकी हलते कशी? रामाचा हात बाण सोडतो, रावणाची मान फिरते, गजेंद्र पाण्यातून सोंड वर काढतो, कालियाचा फणा खाली जातो आणि कृष्णाचे पाऊल त्यावर पडते. पुढे कळले की त्यात चमत्कार नव्हता, कामाची सवय होती. मोटर गोल फिरते आणि धोट्याने मात्र उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे जायचे असते. गोल फिरणे आडव्या-उभ्या हालचालीत बदलायचे कसे हे साचेखात्यातला फिटर रोजच करत होता. तेच दांडे, त्याच कड्या, तोच पट्टा त्याने रावणाच्या मानेला जोडला. दिव्यांचेही तसेच. लाकडी रोलरवर तांब्याच्या पट्ट्या ठोकायच्या, रोलर फिरला की एकेका पट्टीला तार टेकते, एकेक ओळ पेटते आणि विझते, आणि पाहणाऱ्याला वाटते की गंगा शंकराच्या जटेतून वाहते आहे. पूर्वी यंत्र कमी पडले तर एखादा सडपातळ पोरगा झांकीच्या पोटात बसून रात्रभर दोरी ओढायचा. त्या जागेसाठी आमच्यात चढाओढ असे.

विषय नुसते पुराणातले नव्हते. देशात जे चालले असेल ते वर्षभरात चाकांवर चढायचे. धरणे आली, सैनिक आले, रॉकेट आले. एका गाडीवर लंकादहन आणि तिच्यामागे कुटुंबनियोजन, यात कुणाला विजोड वाटत नसे.

याला मी लोकांची कला म्हणतो ते एका कारणासाठी. तिच्यावर बोलण्याचा हक्क सगळ्यांना होता आणि तो बजावला जायचा. आमच्या शेजारच्या आजींची गोष्ट परदेशीपुऱ्यातल्या म्हाताऱ्या अजून सांगतात. एका वर्षी झांकीत देवी अहिल्याबाई न्याय देतानाचा देखावा होता. ताडपत्रीच्या फटीतून कुणीतरी पाहिले आणि बातमी आणली की बाईंना जरीकाठाचे हिरवे लुगडे नेसवले आहे. आजींनी काठी उचलली आणि सरळ गिरणीच्या फाटकावर गेल्या. दरवान म्हणाला, "माँजी, अंदर मना है." आजी म्हणाल्या, "मना असेल तर त्याला बाहेर बोलाव." शेवटी रंगवणारे मिस्त्री हात पुसत बाहेर आले. आजींनी त्यांना ऐकवले, "मातोश्री पांढऱ्या लुगड्यात राज्य करत होत्या, हातात पिंड धरून. हे बघायला मी जागू का रात्रभर?" मिस्त्री उत्तरेकडचे. त्यांना मराठी अर्धीमुर्धीच कळली, पण म्हणणे पुरते कळले. मिरवणुकीत बाई पांढऱ्या लुगड्यातच होत्या. त्यानंतर आजींना दरवर्षी फाटकावरून निरोप यायचा, एकदा येऊन बघून जा म्हणून.

शहरात आज किती पुतळे आणि किती भित्तिचित्रे आहेत ते मोजता येईल. त्यातल्या कशाबद्दल कुणा आजींना असा निरोप गेला असेल, हे मला कुणी सांगावे.

अनंत चौदसच्या दिवशी दुपारपासूनच निघायचे. आधी एक मोठा मुलगा सतरंजी आणि दोन विटा घेऊन जागा धरायला जायचा, मग बायका, मग डबे. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेव-परमल, पाण्याची कळशी. जेल रोडवर कुणाच्या तरी ओळखीचा ओटा असला तर ते घर त्या रात्री सोयरे व्हायचे. देवास, उज्जैन, महूकडून, आसपासच्या खेड्यांतून माणसे ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून येत. अंधार पडला की वाट पाहणे सुरू. सगळ्यांत पुढे खजराण्याच्या गणपतीची झांकी, तिच्यामागे आपापल्या ठरल्या क्रमाने बाकीच्या. चिकमंगलूर चौराह्यावरून जेल रोड, एम. जी. रोड, नंदलालपुरा, जवाहर मार्ग, नरसिंह बाजार, सीतलामाता बाजार, गोराकुंड, खजुरी बाजार आणि राजवाडा. एक झांकी गेली की दुसरी यायला तासही लागे. लहान मुले मध्येच झोपत आणि "आली, आली" म्हटले की दचकून उठत. मागून जनरेटरची गाडी, तिचा धडधडाट आणि धुराचा वास. पुढे बांबू घेतलेली माणसे, वरच्या विजेच्या तारा उचलून धरायला. आमच्यापैकी कित्येकांचे वडील या बांबूवाल्यांत असत. त्यांना हाक मारायची नाही असा आईचा दंडक होता, कारण तारेवरची नजर हलली तर अनर्थ व्हायचा. आम्ही हाक मारत नसू, नुसते बोट दाखवत असू आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत असू, "ते आमचे बाबा."

अखाड्यांवर वेगळे लिहायला हवे आणि ते माझ्यापेक्षा तालमीत घाम गाळलेल्या कुणीतरी लिहावे. एवढेच नोंदवतो की दिवसा साचा चालवणारा, जॉबरच्या शिव्या खाणारा बदली कामगार त्या रात्री तलवार फिरवत राजवाड्यापुढून जायचा आणि भर रस्त्यात लोक त्याला वाट करून द्यायचे.

राजवाड्यापाशी पोचेतो पहाट व्हायची. सात मजल्यांचा तो दरवाजा, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. झांकीचे दिवे लाकडी सज्जांवर पडत आणि वाडाच हलल्यासारखा दिसे. आमच्या घरात राजवाड्याला 'वाडा' म्हणत, आपल्याच गावच्या घराला म्हणावे तसे. तिथे कुणाचे राज्य होते यापेक्षा तो इंदूरकराच्या दिवसाचा शेवटचा थांबा होता, हे आमच्या आयांना जास्त महत्त्वाचे वाटे. सणाची खरेदी वाड्यापाशी, रात्रीचे खाणे वाड्यामागे सराफ्यात, मिरवणूक संपायची तीही वाड्यापुढे.

1984 साली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत राजवाडा पेटला. 1801 मध्ये सर्जेराव घाटग्यांच्या स्वारीत तो जळाला होता, हे शाळेत वाचलेले. पण आता आमच्या डोळ्यांदेखत आकाश लाल झाले. पुढचा सात मजली भाग उरला, मागचा गेला. पुढची कितीतरी वर्षे झांक्या त्या करपलेल्या वाड्यापुढून गेल्या. ओट्या-ओट्यावर वाद रंगला. एक गट म्हणायचा, उरलेसुरले पाडा आणि नवे काही बांधा. दुसरा म्हणायचा, जसा आहे तसाच राहू द्या, शहराला आपले कृत्य दिसत राहिले पाहिजे. आमच्या आत्याचे मत तिसरे होते आणि तिने ते कधी बदलले नाही: "घर जळले तर आपण पुन्हा बांधतो. वाडाही बांधा, होता तसाच." पुढे होळकर घराण्यातल्या उषाराजे यांच्या पुढाकाराने मागचा भाग 2007 च्या सुमारास पुन्हा उभा राहिला, होता होईल तो जुन्याच रीतीने. आत्या तो बघायला गेली, खांबावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आम्ही कधी ऐकली नव्हती.

वाडा परत आला. गिरण्या आल्या नाहीत.

1974 च्या कायद्याने मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या आजारी गिरण्या सरकारकडे गेल्या तेव्हा घरोघरी सुटकेचा श्वास टाकला गेला. सरकारी नोकरी झाली असे वाटले. तो दिलासा पुरला नाही. जुनी यंत्रे, बदललेला बाजार, यंत्रमागांचे आणि कृत्रिम धाग्याचे स्वस्त कापड, यांपुढे एकेक खाते बंद पडत गेले. हुकूमचंद मिल 12 डिसेंबर 1991 रोजी बंद झाली. तिच्या 5,895 कामगारांची देणी अडकली. खटला चालला, माणसे म्हातारी झाली, कितीतरी वारली, त्यांच्या विधवा तारखांना जाऊ लागल्या. 25 डिसेंबर 2023 रोजी, 32 वर्षांनी, सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते कामगारांसाठी दिला गेला. तोवर ज्या पोरांनी शाळा सोडली होती त्यांना ते पैसे शाळेत परत नेऊ शकत नव्हते. त्या वर्षांत या टापूतल्या बायकांनी पापड लाटले, शिवणयंत्रे चालवली, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या केल्या. घर त्यांनी तारले. हे कुठल्याच झांकीवर आलेले नाही.

आणि तरीही गिरणी बंद झाल्यावर झांकी बंद पडली नाही, हे या कहाणीतले सगळ्यांत मोठे आहे असे मी मानतो. पगार नव्हता, ज्या पगारातून वर्गणी कापायची तोच नव्हता. तरी भाद्रपद जवळ आला की बंद गिरणीच्या फाटकातून तीच माणसे आत जात, गवत उपटत, शेडचे पत्रे नीट करत आणि मागच्या वर्षीचे सांगाडे बाहेर काढत. व्यापाऱ्यांकडे पावती-पुस्तके घेऊन फिरत. पुढे महापालिका आणि इंदूर विकास प्राधिकरण मदत देऊ लागले आणि त्यांच्या स्वतःच्याही झांक्या निघू लागल्या. त्या काळात एका मिस्त्रींना आमच्यातल्या कुणीतरी विचारले होते, काका, कशासाठी करता हे? ते म्हणाले, "झांकी निघाली नाही तर लोक म्हणतील गिरणी मेली." त्या वेळी गिरणी बंद होऊन बरीच वर्षे झाली होती.

या शहराला चित्रकारांची उणीव कधीच नव्हती. देवळालीकर मास्तरांनी 1927 साली इथे चित्रशाळा उभी केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी त्यांच्या हाताखालून गेले. मकबूल फिदा हुसेन मूळ पंढरपूरचे, आणि त्यांचे वडील इंदूरच्या कापड गिरणीत नोकरीला होते. रस्त्यावर मोठमोठी रंगीत माणसे हलताना पाहत वाढलेले डोळे पुढे सिनेमाचे फलक रंगवू लागतात आणि तिथून भव्य कॅनव्हासकडे जातात, यात मला तरी सरळ वाट दिसते. विष्णू चिंचाळकर गुरुजी तर आमच्या पिढीने पाहिलेले. वाळलेली पाने, तुटलेली फणी, झाडाची मुळे, बाटलीचे बूच, जे हाती लागेल त्यातून ते पक्षी आणि माणसे उभी करत आणि मुलांना म्हणत, तुम्हीही करा. 2000 साली ते गेले. इंदूर 2017 साली देशातले सर्वांत स्वच्छ शहर ठरले, मग पुढेही ठरत राहिले. त्या ओघात भिंती रंगल्या, बागांतून भंगाराच्या कलाकृती आल्या, विश्राम बागेत अयोध्येच्या राममंदिराची लोखंडी भंगारातली प्रतिकृती उभी राहिली. ते पाहताना जुन्या इंदूरकराला गुरुजींची आठवण होते.

या नव्या कलेबद्दल आमच्या घरातच एकमत नाही. गणपतीत सगळी भावंडे जमली की हा वाद निघतोच. धाकटा चुलतभाऊ पुण्याहून येतो, त्याला रंगलेल्या भिंती आवडतात. म्हणतो, "लहानपणी याच भिंतींवर पानाच्या पिचकाऱ्या होत्या, विसरलात?" त्याचे बरोबर आहे. ताई म्हणते, भिंत सुंदर आहे पण ती रंगवली कुणी ते तिथे राहणाऱ्याला ठाऊक नाही. ठेका आला, माणसे आली, रंगवून गेली. तिचेही बरोबर आहे. एलईडीवरून तर दरवर्षी खडाजंगी. नव्या झांक्या दिव्यांनी इतक्या झगमगतात की मूर्तीची मान हलते आहे की नाही तेच कळत नाही, असे जुन्यांचे म्हणणे. तर पोरे म्हणतात की तुमचा रोलर दर चौकात बंद पडायचा. माझे मत स्पष्ट सांगतो. दिवे कुठलेही असोत. हलणे टिकले पाहिजे, कारण त्या हलण्यात गिरणीतल्या फिटरची अक्कल आहे, आणि ती इंदूरने कुणाकडून उसनी घेतलेली नाही.

हुकूमचंद मिलच्या 42 एकरांचे काय व्हावे, हाही वाद शहरात पेटलेला आहे. तीन दशके कुणी फिरकले नाही तिथे दाट झाडी वाढली. ती तोडून इमारती नकोत म्हणून माणसे रस्त्यावर आली, मानवी साखळ्या झाल्या. परदेशीपुऱ्यातले बुजुर्ग यात दोन्ही बाजूंना सापडतील. काहींना झाडे हवीत. इथल्या उन्हाळ्यात ती नकोत असे कोण म्हणेल? काहींना वाटते, जमिनीतूनच आमची देणी फिटली, तेव्हा त्यावर काहीतरी उभे राहणारच, निदान आमच्या नातवंडांना काम मिळेल असे राहावे. पण एका गोष्टीवर दोघेही हो म्हणतात, मी विचारून पाहिले आहे. तिथे एक शेड हवी. चकाचक संग्रहालय नको. वर्षभर उघडी असलेली, पत्र्याची, उंच दाराची शेड. तिच्यात दोन-चार जुन्या झांक्यांचे सांगाडे, एक चालता रोलर, एक साचा, आणि भाद्रपदात नव्या झांकीचे काम सगळ्यांसमोर. शाळेतली पोरे तिथे येऊन दांडा आणि कडी जोडून पाहतील, म्हाताऱ्या येऊन लुगड्याचा रंग बदलायला लावतील.

ही मागणी महापालिकेपुढे, गृहनिर्माण मंडळापुढे, झांकी समित्यांपुढे एकत्र जायला हवी, आणि जाण्याआधी आपल्या हाती काहीतरी असायला हवे. म्हणून परदेशीपुरा, नंदानगर, पाटणीपुरा इथून निघून पुण्या-मुंबईला, नाशिकला, परदेशात गेलेल्या सगळ्या घरांना माझी विनंती आहे. कपाटातले, ट्रंकेतले जुने अल्बम काढा. त्यात अनंत चौदसचा एखादा फोटो असेलच; गिरणीच्या आवारात अर्धवट रंगलेल्या मूर्तीपुढे उभी असलेली चार माणसे असतील. त्यांची नावे सांगू शकणारे कुणी घरात अजून असेल तर आजच त्यांना विचारा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा: कोण, कुठल्या खात्यातले, कुठल्या सालची झांकी.